मोजून जेवणे, नेमाने चालणे

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विद्वानांनी आपले विचार मांडले. आम्ही विद्वान नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. आम्ही या संस्थेचे सात साधे सभासद आहोत. चार पुरुष, तीन स्त्रिया. कोणी बँकेत कारकून, कोणी शाळेत शिक्षिका, कोणी एस.टी.च्या नोकरीतून बाहेर पडलेले. आमच्यात सर्वांत लहान ४४ वर्षांचे, सर्वांत मोठे ५८ वर्षांचे. सातही जणांच्या वतीने एकाने बोलावे असे ठरले, म्हणून आज येथे उभे आहोत. आमचा विषय आहे पोटाचा घेर. विषय ऐकून काही जण हसले. हसायला हरकत नाही, पण या विषयाची सुरुवात हसण्यासारखी नाही.

सन २०२२ च्या एप्रिल महिन्यात आपल्या संस्थेचे कोषाध्यक्ष गेले. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी टेम्पोतून खुर्च्या उतरवून घेत असताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सर्व संपले होते. वय ५३. नाव घेण्याची गरज नाही, ते आपणा सर्वांच्या मनात आहे. त्यांच्या घरून नंतर कळले की रक्तातली साखर चार वर्षांपासून वाढलेली होती आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. संस्थेच्या पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा हा माणूस. त्यांच्या खतावणीत एका रुपयाची खाडाखोड सापडत नाही. पण स्वतःच्या शरीराचा जमाखर्च त्यांनी कधी मांडला नाही. शोकसभा आटोपल्यावर आम्ही सात जण तेथेच बोलत उभे राहिलो. त्यांनी मांडला नाही हे खरे, पण आपण तरी कुठे मांडला आहे? पुढच्याच रविवारी आम्ही रक्त तपासून घेतले. सातांपैकी पाच जणांचे काही ना काही मर्यादेबाहेर निघाले. कोणाची साखर, कोणाचा रक्तदाब. कंबर तर सातही जणांची जास्त भरली. आपल्या देशातील लोकांसाठी पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आमच्यातील एकाची १०६ होती.

प्रथम आम्ही जे केले ते चुकले, तेही सांगितले पाहिजे. एकाने भात सोडला, एकाने रात्रीचे जेवण सोडले, एका भगिनीने पंधरा दिवस नुसत्या फळांवर काढले. दोन महिन्यांत चार किलो गेले आणि पुढच्या तीन महिन्यांत पाच परत आले. उपासमार करून शरीर ताब्यात येत नाही, हे सिद्धार्थ गौतमांनी उरुवेलेच्या अरण्यात स्वतः अनुभवून मग सोडून दिले. आम्ही वंदना रोज म्हणतो, पण ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.

मग आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारला. आमचे वडील, आमच्या आया अशा सुटलेल्या का नव्हत्या? त्यांना काही निराळे ज्ञान होते असे नाही. ते दिवसभर राबत होते आणि पोटभर मिळत नव्हते. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायला जायचे, पाझर तलावावर माती वाहायची, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी. त्या आई-बापांनी आम्हाला शिकवले. आम्ही खुर्चीवर बसलो, स्कूटरवर बसलो, लिफ्टमध्ये उभे राहिलो. पण ताटात वाढायची रीत मात्र खडी फोडणाऱ्याचीच राहिली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेले आकडे पाहा. जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३४७० उष्मांक लागतात. बैठे काम करणाऱ्याला २११०. स्त्रियांच्या बाबतीत हेच आकडे २७२० आणि १६६० आहेत. म्हणजे कष्टकऱ्याचा मुलगा कारकून झाला की त्याची गरज हजार-तेराशे उष्मांकांनी कमी होते. भूक मात्र आणि सवय मात्र तेवढी कमी होत नाही. आमचा सारा रोग या फरकात आहे.

आणखी एक समजूत दूर करू. चाळिशीनंतर शरीराची भट्टी मंदावते, म्हणून वजन वाढणारच, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. सन २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की शरीराचा आकार लक्षात घेतला तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत ही भट्टी जवळजवळ सारखीच चालते. कमी होते ते आपले हिंडणे-फिरणे, आणि वापर नसल्यामुळे स्नायू. वयावर ढकलून मोकळे होता येत नाही.

विद्यार्थी मित्रांसाठी उष्मांक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. आहाराच्या पुस्तकात यालाच उष्मांक म्हणतात. अमेरिकेतील ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. आपण आजही त्याचेच ढोबळ आकडे वापरतो. पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमला ४, प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ आणि तेला-तुपाच्या एका ग्रॅमला ९. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांकांची शिल्लक. रोज ५०० उष्मांक कमी पडले तर पंधरवड्यात साधारण एक किलो उतरावे. पुढे पुढे वेग मंदावतो, कारण हलके झालेले शरीर कमी खर्चात चालते.

आम्ही सात वह्या आणल्या आणि एक स्वयंपाकघरातला वजनकाटा वर्गणी काढून घेतला. हल्ली मोबाइलवरही ही नोंद ठेवता येते, पण आम्हाला वहीची सवय. पहिला महिना एकच नियम ठेवला. काही कमी करायचे नाही, फक्त तोंडात गेले ते लिहायचे. बंधू-भगिनींनो, त्या एका महिन्याने आमचे डोळे उघडले.

आमच्यापैकी एकाने आपण दोन भाकऱ्या खातो असे लिहिले. पीठ मोजले तेव्हा एका भाकरीला ९० ग्रॅम ज्वारी भरली. म्हणजे भाकरीमागे सुमारे ३०० उष्मांक. भाकऱ्या मोजून भागत नाही, पीठ मोजावे लागते. कार्यालयात बसणाऱ्या दोघांचे दिवसाला सहा चहा निघाले. दोन चमचे साखरेच्या एका चहाचे पाऊणशे धरले तरी साडेचारशे झाले, आणि चहाला आम्ही खाणे समजतच नव्हतो. चिवडा-फरसाणाची मूठ तर येता-जाता होती. तेलाचा हिशेब आम्ही महिन्यावर केला. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत होते. भागाकार केला तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० उष्मांक. ते तीन लिटरवर आणले. भाजीला तर्री कमी आली, घरात आठवडाभर कुरकुर झाली, आणि नंतर कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

शिक्षिका भगिनीची वही सर्वांत बोलकी ठरली. त्यांचे स्वतःचे ताट लहानच होते. पण मुलांनी ताटात टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, कढईला लागलेली भाजी, हे सारे उभ्या-उभ्या त्यांच्या पोटात जात होते. अन्न टाकायचे नाही ही शिकवण! ते लिहू लागल्यावर दिवसाला अडीचशे उष्मांक तेवढेच निघाले. घरातील बाईचे पोट म्हणजे उरलेसुरले टाकायची जागा नव्हे, हे त्या वहीने त्यांच्या घराला शिकवले. आता त्या घरी भात मोजून शिजतो, त्यामुळे उरतच नाही.

आपण कमी सांगतो, कमी आठवतो, हे काही आमचेच वैगुण्य नाही. सन १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांची त्यात तपासणी झाली. ते आपल्या खाण्यापैकी जवळजवळ निम्मे खाणे नोंदवतच नव्हते आणि हालचाल मात्र निम्म्याने वाढवून सांगत होते. ती माणसे खोटारडी नव्हती. स्मरणशक्ती पोटाच्या बाजूने साक्ष देते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून नोंद खाल्ल्याबरोबर करावी, रात्री आठवून करू नये.

आता चालण्याकडे वळू. पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या गेटजवळ जमायचे आणि लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत यायचे, असा आम्ही नेम केला. जाऊन-येऊन तास-सव्वा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. येथेही हिशेब ऐका. ७५ किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर सुमारे २५० उष्मांक जळतात, आणि त्यातले पाऊणशे तर नुसते बसूनही जळलेच असते. परतीच्या वाटेवर एक वडापाव खाल्ला की सारी फेरी फुकट! पहिल्या महिन्यात आम्ही हेच करत होतो. चालून आलो आहोत या आनंदात नाश्ता दुप्पट होई. तेव्हा वजन उतरते ते मुख्यतः ताटातून, आणि उतरलेले टिकते ते चालण्याने. चालण्याचे इतर फायदे निराळेच. साखर, रक्तदाब, झोप आणि मन, सर्वांना ते उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला निदान १५० मिनिटे असा व्यायाम सांगितला आहे, आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही. आम्ही त्यासाठी व्यायामशाळेचे पैसे भरले नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. खाणे कमी करताना स्नायू झडू नयेत म्हणून घट्ट वरण, हरभरे, अंडी, दही, मासे यांना कात्री लावली नाही. कात्री तेल, साखर, फरसाण आणि भाकरी-भाताच्या अतिरेकाला लावली.

यात सर्वांत कठीण प्रसंग कोणता आला? तो काही भुकेचा नव्हता. आमच्यातील एकाच्या आई ७८ वर्षांच्या आहेत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी कडेवर मूल घेऊन खडी फोडली आहे. मुलाने ज्या दिवशी भाकरी काट्यावर ठेवली, त्या दिवशी माऊली ताटावरून उठल्या. म्हणाल्या, "दुष्काळात बी भाकर तागडीत घातली नव्हती कोणी. मी उपाशी राहून तुला वाढवला, तो काय हे बघायला?" दोन दिवस त्या मुलाशी बोलल्या नाहीत. आमचे हे मित्र काटा गुंडाळून ठेवायला निघाले होते. आम्हालाही क्षणभर वाटले की आपण काही पाप करीत आहोत. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी अन्नच नव्हते, त्यांनी अन्न मोजून बाजूला सारायचे?

शेवटी त्यांनी आईजवळ बसून कोषाध्यक्षांची गोष्ट काढली. त्या माणसाला आई ओळखत होत्या, त्यांच्या हातचे जेवून तो अनेकदा गेला होता. स्वतःच्या तपासणीचा कागदही वाचून दाखवला. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः परातीत पीठ काढले, दोन भाकऱ्यांच्या पिठात तीन लहान भाकऱ्या थापल्या आणि मुलाच्या ताटात एकच वाढली. दुसरी मागितली तर म्हणाल्या, "आधी वरण संपव." आम्हाला त्या दिवशी उमगले. भुकेल्याची आठवण ठेवणे म्हणजे आपण दुप्पट खाणे नव्हे. आईने उपाशी राहून वाढवलेले शरीर पन्नाशीत मातीत घालणे, हा तिच्या कष्टाचा खरा अपमान आहे.

मोजून जेवण्याची गोष्ट आपल्याला परकी तर मुळीच नाही. संयुक्त निकायाच्या कोसल संयुत्तात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा तो असाच जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, उपास सांगितला नाही. मात्रा जाणून, सावध राहून जेवावे, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणत जा, असे सांगितले. अट्ठकथेतील तपशील तर आमच्या वहीशी जुळणारा आहे. राजाचा शेवटचा घास आला की गाथा म्हणायची, राजाने तो घास ठेवून द्यायचा, त्यातील शिते मोजायची आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे! असे करीत राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि सडपातळ झाला. पाहा, त्यात सावधानता आहे, मोजणी आहे, रोजचा थोडा थोडा फरक आहे आणि बाजूला आठवण देणारा एक सोबतीही आहे. आम्ही सात जण एकमेकांचे सुदस्सन झालो, इतकेच.

आता निकाल सांगतो, कमी-जास्त न करता. दीड वर्षात चौघांचे वजन ७ ते ११ किलोंनी उतरले. दोघांचे तीन-चार किलो उतरून तेथेच थांबले. एकाचे गुडघेदुखीमुळे चालणे सुटले आणि उतरलेले सारे परत आले. ते आजही सकाळी गेटपर्यंत येतात, अर्ध्या रस्त्यातून परततात आणि वही लिहितात. त्यांना आम्ही अयशस्वी म्हणत नाही. ज्या पाच जणांचे अहवाल बिघडलेले होते, त्यांपैकी तिघांचे सुधारले, दोघांच्या गोळ्या चालू आहेत. वजन उतरले की सारे रोग पळतात असे आम्ही सांगणार नाही. पण अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना वजनाच्या सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम असे ध्येय दिले, तर सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. सात टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसाचे साडेपाच किलो. एवढे आपल्यापैकी कोणालाही अशक्य नाही.

काही सावधगिरीच्या सूचना. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, एकाच काट्यावर करावे. मीठ आणि पाणी यांमुळे ते रोज किलोभर खाली-वर होते, त्याने खचू नये आणि हुरळूनही जाऊ नये. लग्नात, जयंतीला, बुद्धपौर्णिमेच्या खिरीला नाही म्हणू नये. खावे, लिहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेषेवर यावे. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार कमी करू नये, साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. छातीत दुखणे, दम लागणे असेल तर आधी तपासणी, मग चालणे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचे वाढीचे वय आहे. तुम्ही उष्मांक मोजून ताट कमी करायच्या मागे लागू नका. तुम्ही मैदानावर खेळा, पोटभर सकस जेवा, आणि घरी आई-वडिलांची कंबर मोजायला टेप घेऊन बसा. तेवढी सेवा पुष्कळ झाली.

संस्थेला आमची एक विनंती आहे. दर वर्षी १४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी सभागृहात रक्तदाब, साखर आणि कंबर यांची मोफत तपासणी ठेवावी. लपवलेल्या आजाराने आपला एक चांगला माणूस नेला. आपल्याकडे आजार सांगणे कमीपणाचे वाटते, विशेषतः पुरुषांना. सर्वांनीच रांगेत उभे राहायचे ठरले तर त्यात कमीपणा कोणाचा?

कोषाध्यक्षांची खतावणी आजही कार्यालयाच्या कपाटात आहे. नवे कोषाध्यक्ष त्याच पद्धतीने हिशेब लिहितात. आम्ही सात जणांनीही त्यांच्याकडूनच डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च लिहायची रीत उचलली आहे. ज्यांना वही सुरू करायची असेल त्यांनी उद्या पहाटे साडेपाचला विद्यापीठ गेटजवळ यावे. कोऱ्या वह्या आम्ही आणून ठेवल्या आहेत.